वाऱ्यावर खापर फोडू नकोस

वाऱ्यानं दिवस खाल्ला म्हणे! भेटेल त्याला हेच सांगत सुटलायस. ग्रीसच्या क्रूझवर गेलास, सँतोरिनीला उतरलास, आणि सांगायला काय आणलंस? केबल कारच्या रांगेचे फोटो आणि हवामानाच्या नावानं शिमगा. नाचता येईना, अंगण वाकडं.

वारा अचानक सुटला? अरे, त्या वाऱ्याला नाव आहे. मेल्तेमी. जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर उत्तरेकडून तो येतोच. अरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात या वाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय. एवढी मुदत तुला पुरली नाही? आणि हा वारा आपल्याला परका तरी आहे का? आपल्या मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे पार तुर्कस्तानापर्यंत पसरतो. बाल्कनकडच्या जास्त दाबाची हवा तिकडे धाव घेते. दाबाची ही आकृती शाळेत तूच फळ्यावर काढून दाखवायचास. बिनचूक. म्हणून तर राग येतो.

सकाळी आकाश निळंशार होतं, म्हणतोस. असणारच. मेल्तेमी बहुधा निरभ्र आकाशातच सुटतो आणि दुपारी जोर धरतो. तू वर बघितलंस. समुद्राकडे कोण बघणार? लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसत नव्हता? तू अलिबागचा. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद का ठेवतात, हे तुला मी शिकवायचं?

सँतोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. तिथली खाडी म्हणजे ज्वालामुखीचं विवर आहे. पाणी काही ठिकाणी जवळजवळ 400 मीटर खोल. लहान बोटीनं जुन्या बंदरात उतरायचं. तिथून वर फिरा गावात जायला वाटा तीनच: केबल कार, गाढवं, नाहीतर जवळजवळ 600 पायऱ्या. वारा वाढला की केबल कार थांबते. हे काय गुपित आहे? साध्या प्रवासपुस्तकात सापडतं. पण तू पुस्तक उघडलंस कुठे? तू रील्स बघितल्यास. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, ईया गावचा सूर्यास्त. बेत एकच. आणि जहाज सूर्यास्ताआधी सुटणार होतं, हे तुला तिथं पोचल्यावर कळलं! शेवटी धापा टाकत पायऱ्या उतरलास आणि गाढवांच्या लिदीवरून घसरलास. पायात काय होतं? सपाता. त्याही वाऱ्यानंच घातल्या होत्या का?

त्याच बेटावर, दक्षिणेला, अक्रोतिरी आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं नगर. पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी 1967 साली तिथं उत्खनन सुरू केलं. आज त्या घरांवर, गल्ल्यांवर छप्पर आहे. ऊन असो, वारा असो, पाऊस असो, आत निवांत फिरता येतं. तुझ्या यादीत होतं? यादीच नव्हती.

मिकोनोस बेटावरही तेच. शेजारच्या देलोस बेटाची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली आणि तू तोंड पाडून कॉफी पीत बसलास. जुन्या बंदराजवळच तिथलं संग्रहालय आहे. त्यात इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला मातीचा रांजण आहे. त्यावर ट्रॉयचा घोडा उठावात घडवलाय. पायांना चाकं, अंगाला चौकोनी खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून एकेक सैनिक डोकावतोय. त्या घोड्याची इतकी जुनी चित्रणं जगात मोजकीच. तू कॉफीच्या फेसाचा फोटो काढलास.

ट्रॅव्हल एजंटनं सांगितलं नाही? आदल्या रात्री केबिनमध्ये आलेल्या कागदावर शेवटच्या बोटीची वेळ छापलेली होती. त्या कागदावर तू चहाचा कप ठेवलास. पैसे वाचवायला बाहेरची गाडी ठरवलीस. ठरव, हरकत नाही. पण जहाजानं काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुझ्या एकट्यासाठी थांबत नाही. कप्तानानं बंदरच रद्द केलं तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या गाडीवाल्याचे त्याच्या अटींप्रमाणे. त्या अटी वाचल्यास? ऑफिसात करारातला एक स्वल्पविराम सोडत नाहीस, आणि इथं एक पान जड झालं?

आता शेवटची पळवाट. ‘सर, सुट्टीत कसला अभ्यास?’ वा! बॅगेचा रंग ठरवायला आठवडा घालवलास, तो अभ्यास नव्हता? कष्टांना तू भीत नाहीस. तुला फक्त आवडीचे कष्ट हवेत. बाकीचा आळस तू ‘मोकळेपणा’ म्हणून खपवतोस. दुसऱ्यांना खपव. मला नको.

ऑक्टोबरात गेला असतास तर पावसाला शिव्या दिल्या असत्यास, भर उन्हाळ्यात अथेन्सला गेला असतास तर उन्हाला. तिथं तर कडक उन्हाच्या लाटेत अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात. हवा बदलणारच. तिनं तुला कसलंही वचन दिलं नव्हतं. बेत बदलायची तयारी तुझी हवी होती.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतोस. जरूर जा. पण त्याआधी प्रत्येक बंदरासाठी दोन बेत लिही: एक शांत हवेचा, एक वाऱ्या-पावसाचा. शेजारी परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ लिही. आणि ती वही मला आणून दाखव. कोरी आणलीस तर उंबऱ्यावरूनच परत पाठवीन.