आवृत्तीचे दोन अर्थ

मराठीत ‘आवृत्ती’ हा शब्द दोन निरनिराळ्या व्यवहारांत वावरतो. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली असे म्हणताना एका मूळ मजकुराच्या नव्या प्रती अभिप्रेत असतात, तर शास्त्रग्रंथांत आवृत्ती म्हणजे तेच कर्म किंवा तेच श्रवण पुन्हा पुन्हा करणे; अथर्वशीर्षाची आवर्तने मोजली जातात ती याच अर्थाने, आणि तालाचे चक्र पुरे होऊन सम आली की गवई ज्याला आवर्तन म्हणतात, त्या शब्दाचे मूळही तेच. मोबाइलवरील रियाजाच्या ॲपमध्ये हे दोन्ही अर्थ एका जागी येतात, कारण तेथे विद्यार्थी आधी एखाद्या ध्वनिफाइलीची प्रत आणून ठेवतो आणि मग तिच्यातील एखादी जागा हवी तितक्या वेळा फिरवून ऐकतो. प्रत करणे आणि पुन्हा पुन्हा ऐकणे या दोहोंतून विद्या येते का, आणि येत असेल तर तिचा कोणता अंश येतो, हा प्रश्न वरवर पाहता नव्या साधनाचा वाटला, तरी भारतीय दर्शनांनी त्याची बाजू फार पूर्वीपासून बारकाईने तपासलेली आहे.

या साधनात प्रत्यक्ष काय घडते ते प्रथम पाहिले पाहिजे. रियाजाच्या ॲपमध्ये तानपुरा, तबल्याचा ठेका आणि लेहरा यांची सोय बहुधा असतेच. त्यापलीकडे जाऊन तालमीचे रेकॉर्डिंग, जुनी ध्वनिमुद्रिका किंवा मैफलीचा एखादा भाग त्यात आणणे याला सर्वत्र ‘इम्पोर्ट’ असेच म्हणतात. जी आणली जाते ती फाइल स्वतः निःशब्द असते, कारण हवेच्या दाबातील चढउतार ठरावीक अंतराने मोजून मिळालेल्या आकड्यांची ती एक मालिका असते. सीडीच्या मापाने ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. वेव्ह प्रकारच्या फाइलीत हे आकडे बहुधा जसेच्या तसे राहतात, तर एमपीथ्री प्रकारात मोठ्या आवाजाआड झाकले जाणारे, कानाला जाणवणार नाहीत असे गृहीत धरलेले अंश गाळून फाइल लहान केली जाते. आयफोनवर प्रत्येक ॲपचे साठवणीचे दालन वेगळे आणि बंदिस्त असल्यामुळे बाहेरून आणलेल्या रेकॉर्डिंगची बहुधा एक स्वतंत्र प्रत त्या दालनात तयार होते. अँड्रॉइडवर काही ॲप अशी प्रत करतात, तर काही केवळ मूळ फाइलीचा पत्ता आणि ती वाचण्याची परवानगी जवळ ठेवतात, आणि मग मूळ फाइल हलवली वा पुसली गेली की यादीत नुसते नाव उरते. वर्गणी घेऊन गाणी ऐकवणाऱ्या सेवांवरून उतरवून घेतलेली गाणी साधारणतः कुलूपबंद असतात, ती दुसऱ्या ॲपमध्ये नेता येत नाहीत.

अशा रीतीने जे आणले जाते ते मूळ गाणेच असते की त्याच्यासारखे दुसरे काही, येथे मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांचा जुना वाद उपयोगी पडतो. जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामी शब्दाला नित्य मानतात. उच्चाराने शब्द उत्पन्न होत नाही, तर आधीच असलेला शब्द प्रकट होतो, आणि या प्रकटीकरणाला अभिव्यक्ती असे नाव आहे. एखाद्याने गाय या अर्थाचा शब्द आठ वेळा उच्चारला, तर लोक शब्द आठदा उच्चारला असे म्हणतात, आठ शब्द उच्चारले असे म्हणत नाहीत, हा त्यांचा दाखला. ‘हा तोच’ अशी जी ओळख पटते, तिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ही प्रत्यभिज्ञाच नित्यत्वाचे प्रमाण ठरते. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ध्वनी उत्पन्न होतो आणि नाश पावतो, लाटेमागून लाट उठावी तसा एका ध्वनीतून दुसरा निर्माण होत तो कानापर्यंत पोहोचतो, आणि ‘हा तोच’ असे जे वाटते ते दिव्याच्या ज्योतीसारखे असते, जिथे क्षणाक्षणाला नवी ज्योत जळत असूनही पाहणारा साम्यामुळे तिला एकच समजतो.

मीमांसकांचा विचार वर्णांविषयी आहे, गाण्यातील स्वरांविषयी नाही, ही मर्यादा लक्षात ठेवूनही असे म्हणता येते की फाइलीच्या बाबतीत दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर ठरतात. स्पीकरमधून दर खेपेस उमटणारा ध्वनी नवाच असतो, तो वाजतो आणि विरतो, म्हणून ध्वनीपुरता न्यायाचा निवाडा खरा. पण विद्यार्थी ऐकून जी ओळखतो ती बंदिश, आणि ती या ॲपमध्ये, त्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत आणि गुरूच्या कंठात एकच असते, म्हणून बंदिशीपुरते मीमांसेचे म्हणणे खरे. इम्पोर्ट होते ते बंदिश प्रकट करण्याचे एक निमित्त.

वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुन्या तबकडीचा किंवा फितीचा वेग निम्मा केला की स्वरही एक सप्तक खाली उतरे. आजची ॲप मात्र स्वर जागच्या जागी ठेवून केवळ लय कमी करतात, आणि यामागील एक महत्त्वाची रीत, जिला ‘फेज व्होकोडर’ म्हणतात, बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली मांडली. ध्वनीचे अतिशय लहान, एकमेकांवर चढलेले तुकडे करून ते काळात दूर दूर मांडायचे आणि त्यांचे सांधे जुळवायचे, असे तिचे ढोबळ स्वरूप सांगता येईल. वेग आणि ध्वनीचे मूळ रूप यांना असे वेगळे काढता येते, ही कल्पना मात्र व्याकरणशास्त्रात फार जुनी आहे. पतंजलीने महाभाष्यात नगाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे: नगाऱ्यावर आघात केल्यावर कोणता नाद वीस पावले जातो, कोणता तीस, तर कोणता चाळीस, शब्दाचे मूळ रूप, ज्याला तो स्फोट म्हणतो, तेवढेच राहते आणि लांबी ही ध्वनीमुळे येते. भर्तृहरीने वाक्यपदीयात हाच धागा पुढे नेऊन ध्वनीचे दोन प्रकार केले, प्राकृत म्हणजे ज्याच्यामुळे शब्द मुळात कळतो तो, आणि वैकृत म्हणजे त्यानंतर टिकून राहणारा, ज्याच्यामुळे द्रुत, मध्यम आणि विलंबित असे उच्चाराचे भेद पडतात. हीच तीन नावे गवयाच्या तोंडी लयीची नावे म्हणून आहेत, हा योगायोग अभ्यासकाने सहज सोडून देऊ नये.

भर्तृहरीच्या दृष्टीने वेग बदलला तरी शब्द बदलत नाही, आणि भाषेपुरते ते खरेही आहे, कारण ‘पाणी’ हा शब्द सावकाश उच्चारला तरी त्याने तोच अर्थ जागा होतो. रागसंगीतात हा नियम अर्ध्यावर थांबतो. कण म्हणजे मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा झालेला ओझरता स्पर्श. तो लांबवला की कण राहत नाही, स्वतंत्र स्वर होतो. गमकेचा वेग निम्मा केला की तिचे आंदोलन होते, आणि दोन स्वरांना न तुटता जोडणारी मींड ताणली की तिच्या वाटेवरचे, रागाला अमान्य असलेले स्वरही कानाला खटकू लागतात. संगीतात वेग हा रूपाचाच भाग आहे. म्हणून ॲपमध्ये मंद करून ऐकलेली तान ही तानेची चिरफाड करून मांडलेली आकृती समजावी. तिच्यावरून कोणता स्वर कोणत्या मात्रेवर पडतो ते कळते, आणि हे कळणे मोलाचे आहे, पण तीच तान विलंबित लयीत घोटण्याशी तिचे फारसे नाते नाही, कारण घोटताना गळा प्रत्येक पायरीवर स्वतःचा दमसास जुळवत असतो. पट्टी बदलण्याविषयीही असेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या गुरूचे रेकॉर्डिंग काळी चारमध्ये गाणाऱ्या शिष्येला सात अर्धस्वर वर चढवून मिळते, स्वरस्थाने जुळतात, पण आवाजाचा पोत त्या प्रमाणात परका होतो.

आता आवृत्तीच्या दुसऱ्या अर्थाकडे, आणि तोच या प्रश्नाचा गाभा आहे. ॲपमध्ये आरंभ आणि शेवट यांच्या खुणा केल्या की मधला तुकडा अखंड फिरत राहतो. याला लूप म्हणतात. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाचा प्रारंभच आवृत्तीच्या विचाराने होतो: श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, तर्काने पारखणे आणि त्यात चित्त स्थिर करणे, ही एकदाच करायची की पुन्हा पुन्हा? शंकराचार्यांचे उत्तर असे की, ज्या कर्माचे फळ डोळ्यांना दिसणारे असते ते फळ दिसेपर्यंत करायचे असते, आणि त्यासाठी ते साळी कांडण्याचा दाखला देतात. कांडताना घावांची संख्या ठरलेली नसते, तांदूळ मोकळा होईपर्यंत मुसळ चालते. पलटा शंभर वेळा म्हटला की रियाज झाला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला आणि लूपचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याला या दाखल्यात नेमके उत्तर आहे. पण त्यातून एक पुढचा प्रश्न निघतो, तो असा की टरफल निघाले हे कोणी ठरवायचे? साळीच्या बाबतीत कांडणाऱ्याला ते दिसते. गळ्याच्या बाबतीत गाणाऱ्याला आपली चूक बरोबरीसारखीच ऐकू येते, आणि ती चूक शंभरदा घोटली की शंभर पटींनी पक्की होते.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील श्वेतकेतूचे आख्यान या ठिकाणी सर्वांत जवळचे आहे. बारा वर्षांचा असताना तो गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, स्वतःला विद्वान मानत परत आला. म्हणजे त्याच्याजवळ पाठाची कमतरता नव्हती. पिता उद्दालक त्याला एकच महावाक्य नऊ वेळा सांगतो, आणि केवळ एवढेच पाहिले तर हे लूपसारखे वाटेल. परंतु पहिल्या आठही खेपांनंतर श्वेतकेतू ‘आणखी समजावून सांगा’ अशी विनंती करतो, आणि पिता त्याच वाक्यापाशी नव्या वाटेने येतो: कधी मधमाश्यांनी गोळा केलेल्या मधाच्या, कधी समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या, कधी डोळे बांधून गांधार देशातून आणून रानात सोडलेल्या माणसाच्या दृष्टान्ताने. दोन ठिकाणी तर तो मुलाच्या हातून कृती करवून घेतो. वडाचे फळ आणून फोडायला लावतो, आतले इवलेसे बी फोडायला लावतो आणि काय दिसते ते विचारतो. मीठ पाण्यात टाकून रात्रभर ठेवायला सांगतो आणि सकाळी वरचे, मधले व तळचे पाणी चाखायला लावतो. प्रत्येक खेपेला वाक्य तेच असते. वेगळे असते ते पित्याने मुलाला कुठवर समजले हे पाहून निवडलेले उदाहरण. तालमीत गुरू एकच मुखडा वीस वेळा म्हणून दाखवतो तेव्हाही हेच चालते, कारण सातव्या खेपेला त्याने समेच्या आधीचा स्वर किंचित लांबवलेला असतो तो शिष्य तेथे घसरतो म्हणून, आणि बाराव्या खेपेला तो शब्दावर जोर देतो तो शिष्याने शब्द गिळला म्हणून. फाइल ऐकवते, पण ऐकत नाही. तिची नववी खेप पहिलीसारखीच असते.

देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या संगीतरत्नाकरात गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत, शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक. यांपैकी अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची ढब जशीच्या तशी उचलणारा. शार्ङ्गदेव त्याला गायकांच्या पंक्तीतून उठवत नाही, त्याला एक स्थान देतो, ही गोष्ट विसरता कामा नये, कारण अनुकरण हा शिकण्याचा एक खरा टप्पा आहे. त्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण विसाव्या शतकात कुमार गंधर्वांच्या रूपाने दिसले. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यातील गाणे हुबेहूब उभे करी आणि श्रोते थक्क होत. त्याच्या कानात जे उतरले होते त्याला आजच्या भाषेत निर्दोष इम्पोर्ट म्हणावे लागेल. तरीही त्याला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवण्यात आले, आणि पुढे कुमार गंधर्वांचे म्हणून जे गाणे झाले, ते त्या तबकड्यांपैकी कोणत्याही एका गायकाचे नव्हते. भीमसेन जोशींची गोष्ट दुसऱ्या अंगाने बोलकी आहे: अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्यांना जी ओढ लागली, तिने त्यांना १९३३ साली, अकराव्या वर्षी, घराबाहेर काढले. तबकडीतील गाणे त्यांनी ऐकले होते, पण ते हिंडले गुरूसाठी, आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याजवळ पोहोचले.

पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात अधम पाठकांच्या यादीत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याचा समावेश आहे, आणि ध्वनिफाइलीवरून शिकणाऱ्यालाही त्याच यादीत बसवण्याचा मोह परंपरेच्या अभिमान्यांना होतो. तो निवाडा घाईचा वाटतो. लिखितात स्वर मुळी नसतो, तर फाइलीत तो असतो. उणीव आहे ती उलट दिशेची, शिष्याचा स्वर गुरूपर्यंत जाण्याची. विद्या चोरीला जाईल या भीतीने तालीम रेकॉर्ड करू न देणारे गुरूही फाइलीला तिच्या योग्यतेहून मोठे मानतात, आणि परवानगी न घेता ती चारचौघांत वाटणारा शिष्य आपल्या आणि गुरूच्या नात्याला तिच्याहून लहान मानतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतील अनेक विद्यार्थी पुण्यामुंबईच्या गुरूंकडे दुरूनच शिकतात, आणि तेथे ही उलट दिशाही खुली होताना दिसते. शिष्य तालमीचे रेकॉर्डिंग ॲपमध्ये आणतो, त्याच्या सोबतीने घोटतो आणि मग तानपुऱ्यावर एकट्याचे गाणे मुद्रित करून गुरूकडे पाठवतो. आता फाइल गुरूच्या मोबाइलमध्ये इम्पोर्ट होते आणि ऐकण्याचे काम तेथे सुरू होते. एखाद्या जागेपाशी गुरू थांबतो, ती पुन्हा ऐकतो, आणि तीच जागा थोडी निराळी वळवून, शिष्याच्या नावाने हाक मारून, गाऊन परत पाठवतो. एका गळ्याच्या एका चुकीसाठी गायलेली ही मिनिटाभराची फाइल दुसऱ्या कोणाच्या ॲपमध्ये नेली, तर तिच्यात तो निराळा वळसा ऐकू येईल, पण तो तसा का घेतला हे तेथे कोणालाच कळणार नाही.