एकोणनव्वद की नवासी?

झाशीच्या प्रेमनगरात आमच्या आत्याचं घर आहे. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. पेशव्यांच्या सुभेदारांमागोमाग इथे आलेल्या घरांची ही जुनीच रीत. दिवाळीत आत्या आणि तिची दुसरीतली नात पणत्या मोजत होत्या. नात ‘उनासी’ आणि ‘नवासी’ यांत अडखळली. आत्या म्हणाली, “अगं, एकोणऐंशी म्हण!” झालं, दोघींनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. गंमत अशी, की ७९ला दोन्ही भाषा ऐंशीतून एक वजा करतात; पण ८९ला मराठी नव्वदवरून एक पायरी उतरते आणि हिंदी ऐंशीवर नऊ चढते.

पणत्या तीन-चारच असत्या, तर मोजाव्याही लागल्या नसत्या. हे पहिल्यांदा नेटानं तपासलं ते विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं. मूठभर बिया डबीत टाकायच्या आणि एका नजरेत किती ते सांगायचं, असं त्यानं हजाराहून अधिक वेळा केलं. १८७१ साली त्यानं निष्कर्ष छापला: चारपर्यंत एकही चूक नाही, पाचपासून चुका सुरू.

मग हे प्राण्यांनाही जमतं का? इथे एका घोड्यानं घोळ घातला. बर्लिनचा हान्स खुरानं टापा देऊन गणितं सोडवायचा. १९०७मध्ये ऑस्कर फुंग्स्टनं दाखवलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो. तो माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. त्यानंतर प्राण्यांच्या मोजणीचं नाव काढणं म्हणजे हसू करून घेणं. पण पुढे ओटो कोलरनं माणसाला पक्ष्याच्या नजरेआड ठेवून प्रयोग केले, आणि तरीही डोमकावळे ठिपक्यांची संख्या ओळखत राहिले.

२००२मध्ये आंद्रेआस नीडर आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत ठरावीक संख्येला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. ‘तीन’ची पेशी दोन आणि चारलाही थोडी जागी होते. म्हणजे मेंदूतली संख्या मुळात अंदाजाची. आपण ‘दहा-बारा माणसं होती’ म्हणतो आणि मधल्या अकराची कुणाला आठवणही होत नाही, तशी. २०२३मध्ये बॉनच्या रुग्णालयात माणसांच्या मेंदूपेशींवर हेच पाहिलं, तर चारच्या आसपास सीमा दिसली: अलीकडे नेमकेपणा, पलीकडे धूसर. जेव्हन्सची डबी खरी निघाली.

मग ८९ येतो कुठून? माझ्या मते शब्दांतून. एलिझाबेथ स्पेल्के आणि सान्ना त्सिव्हकिन यांनी २००१मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांना एका भाषेत नेमकी बेरीज शिकवली; दुसऱ्या भाषेत ती करताना त्यांचा वेग मंदावला. अंदाजाचं उत्तर मात्र दोन्हींत सारखंच.

म्हणूनच २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ आलं, तेव्हा उडालेली टिंगल मला पटली नाही. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांचे शब्द आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. ‘एकोणनव्वद’ मला प्रिय आहे, तो जाऊ नये. पण घरातलं मूल ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहीत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्यानं आधी तीनच ऐकलेले असतात.