नाव घेऊन केलेले स्मरण



दरवर्षी एप्रिल महिन्याच्या सुमारास इस्रायलमध्ये ‘योम हा-शोआ’ पाळतात. हिटलरच्या नाझी राजवटीने ठार केलेल्या ६० लाख ज्यूंचा हा स्मरणदिन. तेथील संसदेने तो १९५१ साली ठरविला. सकाळी १० वाजता भोंगा वाजतो. मोटारी जागच्या जागी थांबतात, माणसे खाली उतरून २ मिनिटे स्तब्ध उभी राहतात. ठिकठिकाणी मृतांची नावे वाचली जातात.

नावेच का? कारण आउश्वित्झच्या छावणीत कैद्यांच्या हातावर आकडे गोंदले जात. माणसाचे नाव काढून घेतले की त्याला मारणे सोपे जाते. म्हणून जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने एकेक करून सुमारे ५० लाख नावे गोळा केली.

दवनीवाड्यात हे सांगत असता एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “गुरुजी, इतक्या दूरच्या मेलेल्यांचे आपल्याला काय?”

मी म्हणालो, “काका, १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनी कोण ज्यू हे त्याच्या आजा-आजीवरून ठरविले. जन्मावरून माणसाची किंमत ठरणे काय असते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागते काय? आणि ते सारेच परके नाहीत. कोकणातले ‘शनवार तेली’, म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्रायल, १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. आता एक सांगा. खैरलांजी आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातली. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे मारलेल्या चौघांची नावे काय?”

काका गप्प राहिले. खरे सांगतो, चौथे नाव मलाही चटकन आठवले नाही. गाव ध्यानात राहिले, माणसे विसरलो!

सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर. भोतमांगे कुटुंबातील हे चौघे.

बंधूंनो, दुःखे तराजूत तोलावयाची नसतात. अष्टांगिक मार्गातील सम्यक् स्मृती म्हणजे मनाची अखंड जागृती. नुसती हळहळ ही जागृती नव्हे. स्मरणातून सूडबुद्धी उपजली, तर ती स्मृती सम्यक् राहत नाही. आपल्या मृतांना आठवून दुसऱ्याच्या मृतांना जो विसरतो, तोही अर्धा झोपेतच आहे.

म्हणून येत्या २९ सप्टेंबरला वंदनेनंतर विहारात २ मिनिटे उभे राहा. ती चार नावे मोठ्याने घ्या, मुलांकडून घ्यावयास लावा. आणि एप्रिलमध्ये तिकडे भोंगा वाजेल, तेव्हा मनाने त्यांच्याही शेजारी उभे राहा.

जयभीम!