बाप्पाचे कान

॥ श्रीगणेशाय नमः ॥



बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून आमच्याकडे कॅलगरीला आली. फेब्रुवारीतली रात्र, बाहेर उणे 25 अंश. मागच्या स्प्रूसच्या झाडावर घुबड घुमू लागलं. आई दचकून उठली. "अरे, हाकल त्याला. अपशकुन असतो."

मी तिला समजावलं, "आई, हे 'ग्रेट हॉर्न्ड आऊल'. आपल्या शृंगी घुबडाचं भाऊबंद. 1977 पासून हा अल्बर्टाचा मानाचा पक्षी आहे. नीट ऐक, आवाज दोन आहेत. खर्जातला नराचा, वरच्या पट्टीतला मादीचा. ऐन बर्फात ही जोडी घरट्याच्या तयारीला लागते. आपली हद्द राखायची आणि एकमेकांना सांगायचं, मी इथे आहे."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं आहे बाई. त्याला उत्तर तरी मिळतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसभर आम्ही कामावर, मुलं शाळेत. संध्याकाळी आईने काही विचारलं की माझं नुसतं "हं", नजर फोनवर. घुबडाची हाक मला कळत होती, आईची कळत नव्हती.

भक्तहो, आपल्या अंगणात येणारा काळ्या टोपीचा इवलासा चिकडी पक्षी पाहा. शिकारी पक्षी दिसला की तो 'चिक-ए-डी' असं ओरडतो. 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की धोका जितका मोठा तितके शेवटचे 'डी' जास्त. मोठ्या घुबडापेक्षा चपळ, छोटं घुबड त्याला अधिक घातक, म्हणून त्याच्यासाठी 'डी' अधिक. आणि नटहॅच हा वेगळ्या जातीचा पक्षीही ती हाक ऐकून सावध होतो. ऐकणारा असेल तर एकाचं बोलणं अनेकांना तारतं.

आता आपल्या बाप्पाकडे पाहू. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हत्ती त्याहूनही खालच्या स्वरात बोलतात. ती हाक काही किलोमीटरवरच्या कळपाला कळते, आपल्याला नाही. उंदराची पिल्लं आईला हाक मारतात ती आपल्या कानांच्या पलीकडच्या उंच स्वरात. म्हणजे गजमुख बाप्पा आणि त्याचं वाहन, दोघांची भाषा आपल्या ऐकण्याच्या दोन टोकांबाहेर! जे ऐकू येत नाही तेही कुणीतरी बोलत असतं, हे मला त्या मूर्तीपुढे उमगलं. बाप्पाचं एक नाव शूर्पकर्ण, सुपासारख्या कानांचा. सूप फोलपट उडवतं, दाणा राखतं.

दुसऱ्या दिवसापासून सायंआरतीनंतर अर्धा तास फोन बंद आणि सगळे आईपाशी, असा आम्ही नेम केला. मुलांना अर्धंमुर्धं मराठी कळे, पण आजीचं हसू पुरतं कळे.

मे महिन्यात आई परत गेली. आता रोज फोनवर तिचा पहिला प्रश्न, "जेवलास का?" पूर्वी मी त्या प्रश्नाला कंटाळायचो. आता कळतं, तिथे जेवणाची चौकशी थोडी असते. ती हाक असते, 'मी इथे आहे. तू आहेस ना?'

बंधू-भगिनींनो, या गणेशोत्सवात बाप्पाकडे मागायचंच असेल तर त्याचे कान मागू या. आणि घरातल्या हाकेला ओ देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!