वडिलांचे घड्याळ

होटगी जंक्शनाहून एक मार्ग वाडीकडे व दुसरा गदगकडे जातो. तेथे मिनिटाची किंमत बालकासही ठाऊक असते. अशा गावी एखादा पुत्र वडिलांच्या पश्चात त्यांचे जुने एचएमटीचे घड्याळ जिवापाड जपतो. परंतु चावी कितीही दिली तरी ते थांबते. कमान शाबूत असते; आतील तेल मात्र सुकून चिकट झालेले असते. वरून नवे तेल ओतल्यास ते त्या मळातच मिसळते. म्हणून घड्याळजी चक्रे सुटी करितो, धुतो आणि माणकाच्या बारीक खड्यांवर लेशमात्र तेल ठेवितो.

आपला विश्वासही पुष्कळांस वारशानेच मिळाला आहे. लोईस आजी व युनीके माता यांचा विश्वास तीमथ्यास लाभला. तरी देवाचे कृपादान प्रज्वलित करण्याविषयी पौलाने त्यालाच बजाविले. आजोबांचा बाप्तिस्मा नातवाच्या पश्चात्तापाचे काम करीत नाही. बांधावरून भावाशी वैर धरून उपासनेस येणे, म्हणजे मळलेल्या यंत्रास चावी देणे होय. तर प्रार्थना लांबविण्यापूर्वी आपण त्या भावाच्या दारी जाऊ या. प्रभू आपली अंतःकरणे उघडो, धुवो व चालती करो. आमेन.