गाडीला काय लागते?

उपासाला शेंगदाणे चालतात, कोर्टात खटला चालतो, संसार कसाबसा चालतो आणि मोटारही चालते. पायी चालण्याच्या एका क्रियापदावर मराठीने केवढा भार टाकला आहे! शेजारच्या कानडीनेही तेच केले. 'नडी' म्हणजे चालणे. आणि यंत्र ठीक आहे, काम भागते आहे, हरकत नाही, हे सगळे सांगायला बेळगाव-गोकाककडचा माणूस 'नडीतैती' एवढेच म्हणतो. जुन्या मोटारीविषयी आपल्याकडच्या कोणत्याही गॅरेजात विचारा. 'चालतंय की' किंवा 'नडीतैती, बिड्री', यांपैकी एक उत्तर ठरलेले.

या उत्तराचे अर्थ मात्र दोन आहेत. यंत्र काम करते आहे, हा एक. आणि आमची हरकत नाही, हा दुसरा. पहिल्यात यंत्राची स्थिती आहे, दुसऱ्यात आपली संमती. पंधरा-सोळा वर्षांची छोटी मोटार बाळगणाऱ्या घरात दरवर्षी एकदा या दोहोंची गल्लत होते, आणि ती गल्लत केवळ भाषेची राहत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांची मोटार २००७ सालची. पंधरा वर्षे भरली तेव्हा त्यांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, तीही कुरकुर न करता भरली. वर्षाला गाडी तीन हजार किलोमीटरही फिरत नाही. भाजी मंडई, दवाखाना, आणि दिवाळीत व मे महिन्यात आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडचे गाव. गेल्या वर्षी सर एका मोठ्या वर्कशॉपात सर्व्हिसिंगला गेले, तेव्हा त्यांच्या हातात अकरा कलमांची छापील यादी पडली : इंजिन ऑईल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक ऑईल, टायमिंग बेल्ट, क्लच, इंजिन फ्लशिंग, इंजेक्टरची सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, गाडीखालचे कोटिंग आणि पॉलिश. एकूण बत्तीस हजारांच्या घरात. पुण्याच्या मुलाने फोनवरच निकाल दिला, "बाबा, साठ हजारांच्या गाडीवर बत्तीस हजार? विकून टाका." गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींचा निकाल नेमका उलटा, "कशाला बदलतायसा सर, चालतंय की अजून."

सरांनी मला विचारलेला प्रश्न साधा होता : गाडीला खरोखर काय लागते?

माझे म्हणणे असे की, हा प्रश्नच चुकीच्या दारात उभा आहे. गाडीला काहीच लागत नाही. बैलाला चारा लागतो, झाडाला पाणी लागते. मोटारीला ना भूक ना दुखणे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो की तुझा रथ म्हणजे नेमके काय : आस, चाके की सांगाडा? कोणताही एक भाग रथ नव्हे. सगळे भाग मिळून त्यांना दिलेले 'रथ' हे नाव आहे. नागसेनाला त्यातून माणसाविषयी बोलायचे होते, ते फार खोल पाणी आहे. आपल्यापुरते एवढेच घ्यायचे की नावाप्रती आपले कसलेही कर्तव्य नसते. कर्तव्य असलेच तर ते आत बसलेल्या नातवंडांचे आणि रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या अनोळखी माणसाचे. यादीतल्या प्रत्येक कलमापुढे 'कोणासाठी?' असे लिहायला घेतले की अर्धे काम होते.

सर्व्हिसिंगविषयीच्या आपल्या समजुती ज्या काळात घडल्या त्या काळच्या गाड्या वेगळ्या होत्या, हेही विसरता कामा नये. ॲम्बॅसॅडर आणि फियाट बाळगणाऱ्यांना आठवत असेल, पॉइंट घासणे, कार्बोरेटर जुळवणे, सांध्यांना ग्रीस भरणे, हे न केल्यास गाडी खरेच रुसायची. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे पेट्रोल मोजून सोडणारी इंजेक्शन यंत्रणा आली, आणि त्यातली निम्मी कामे नाहीशी झाली. कामे गेली, पण 'गाडीला हात लागला पाहिजे' ही भावना उरली. यादीतली काही कलमे याच भावनेवर जगतात.

आणि हात लागणे नेहमी हिताचेच असते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ आकडेमोडीच्या कामावर होते. तिथल्या विमानांची दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर तपासणी होई. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत ही अपेक्षा. प्रत्यक्षात तपासणी झाली की लगेच ते वाढत आणि पुढच्या उड्डाणांत हळूहळू कमी होत. चांगले चाललेले उघडून पुन्हा बसवण्यातच दोष शिरत होते. (वॉडिंग्टन यांचे यावरचे पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले.) पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या देखभालीवर एक अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी वय वाढले म्हणून बिघडण्याचा धोका वाढतो असे भाग अवघे ११ टक्के निघाले. ६८ टक्के भागांत तर धोका नवा भाग बसवल्यावर सर्वांत जास्त आणि मग कमी.

हे वाचून कोणी मिस्त्रींच्या 'चालतंय'ला शास्त्राचा आधार मिळाला असे म्हणेल. तसे नाही. विमान म्हणजे मोटार नव्हे, आणि आपल्या मोटारीत रबर पुष्कळ आहे. रबर नुसते उभे राहूनही म्हातारे होते. नोलन-हीप यांचा खरा धडा वेगळा आहे. भाग किती जुना झाला हे विचारू नका. तो बिघडतो कसा, बिघडण्याआधी सांगतो का, आणि बिघडला तर कोणाचे काय होते, ते विचारा.

बहुतेक भाग सांगून बिघडतात. प्लग कमजोर झाले की इंजिन थरथरते. एअर फिल्टर तुंबला की गाडीचा जोर कमी होतो, आणि तो नुसता उघडून पाहताही येतो. क्लच घसरू लागला की चढावर इंजिन ओरडते आणि गाडी तेवढी पळत नाही. असे भाग थकून थकून जातात, आणि जाताना नुकसान करतात ते बहुधा मालकाचे. त्यांच्या बाबतीत थांबणे, पाहणे, अजून एक हंगाम काढणे, हा काटकसरीचा भाग आहे आणि काटकसर हा सद्गुण आहे. तक्रार नसताना फ्लशिंग आणि इंजेक्टरची सफाई यांचाही विचार इथेच करावा, म्हणजे करू नये. पॉलिशविषयी काय बोलावे? दसऱ्याला झेंडूचा हार जितका गाडीसाठी, तितकेच पॉलिश.

इंजिन ऑईलचे थोडे निराळे आहे. बऱ्याच छोट्या मोटारींच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असे लिहिलेले असते. वर्षाला तीन हजार चालवणारा 'जे आधी होईल ते' हे शब्द वगळून वाचतो. पण मंडईपर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापतच नाही. आत धरलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल ऑईलमध्ये मिसळत राहते. कमी चालणारी गाडी म्हणजे कमी झिजणारी गाडी, हे म्हणूनच अर्धेच खरे.

काही भाग मात्र न सांगता जातात. टायमिंग बेल्ट सकाळी असतो आणि दुपारी नसतो; तुटला की गाडी जिथे असेल तिथे इंजिन बंद, आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. त्याच्यासाठी पुस्तिकेतली मुदत पाळणे एवढेच हातात आहे. आणि ब्रेक ऑईल तर सर्वांत लबाड. ते हवेतले पाणी शोषते. नव्या डॉट-३ जातीच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलेल्यासाठी हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. गावातल्या गावात हे कधीच कळत नाही. पेडल घट्ट, गाडी जागच्या जागी थांबते, चालतंय. मग दिवाळीत चार माणसे, फराळाचे डबे आणि टपावर सामान घेऊन आंबोलीचा घाट उतरायचा. वळणामागून वळण पाय ब्रेकवरच, चाकाजवळचे ऑईल तापते, त्यातले पाणी उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. पेडल खाली जाते आणि जातच राहते. वर्षभर जे चालत होते ते फक्त तिथे चालत नाही. (दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरावा, हे जुन्या एस.टी. ड्रायव्हरांचे शहाणपण आहेच. पण ते ब्रेक ऑईलला पर्याय नव्हे.)

आता मुलाच्या हिशेबाकडे वळू. गाडीची किंमत साठ हजार म्हणून दुरुस्ती अमुकच हजारांची शोभते, हा हिशेब क्लच, कोटिंग, पॉलिश यांना लावला तर बिनतोड आहे. ब्रेकला तो लागूच होत नाही. उद्यमबागेतल्या पाळीवरून सायकलीने घरी निघालेला कामगार जुन्या गाडीखाली आला म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही. मी माझ्या खिशापुरता धोका पत्करला तर ते धाडस. त्या कामगाराला न विचारता त्याच्या वतीने पत्करला तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. ज्याला ब्रेक आणि टायर पाळणे परवडत नाही त्याला ती गाडी रस्त्यावर आणणे परवडत नाही, मग तिची किंमत काहीही असो. हे कठोर वाटेल. पेन्शनीतल्या माणसाला तर जास्तच. पण इथे सूट द्यायचा अधिकार ना माझा, ना सरांचा.

हे सगळे सांगायला खरे तर मिस्त्री हवा. तो सांगत का नाही? मोठ्या वर्कशॉपात सल्ला देणाऱ्याला पुष्कळदा विक्रीचे आकडे गाठायचे असतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण गल्लीतल्या मिस्त्रीचे काय? आपण त्याच्याशी मजुरीवर घासाघीस करतो, सुट्या भागाच्या छापील किमतीवर करत नाही. म्हणजे त्याला चार पैसे सुटतात ते भाग बदलण्यात. गाडी तासभर पाहून, खाली झोपून, चाके काढून 'काही करू नका' असे सांगितले तर आपण 'बरं झालं' म्हणून हात हलवत घरी येतो. वैद्याने नाडी पाहून औषध नको म्हटले तरी त्याच्यापुढे पैसे ठेवण्याची रीत होती. गॅरेजात ती आपण नेलीच नाही. नको असलेली कलमे यादीत येतात ती काही प्रमाणात आपल्याच हाताने लिहिलेली असतात. आणि मिस्त्रीचे 'चालतंय की'देखील पुष्कळदा तिथूनच येते : फुकट सल्ला तो किती खोल द्यायचा?

सरांना मी म्हटले, मिस्त्रींना फक्त पाहण्याचे पैसे द्या. आधीच सांगा, काम निघो न निघो. मिस्त्री घ्यायला तयार नव्हते, "सर, तुमच्याकडनं काय घ्यायचं" वगैरे झाले. मग तीनशे रुपये घेतले आणि एक रविवार सकाळ गाडीखाली घालवली. ब्रेक ऑईल चहाच्या रंगाचे निघाले. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद कुठेच नव्हती, म्हणजे बदलायचा. इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलायचे. क्लच धरतो आहे. आणि छापील यादीत नव्हते ते एक निघाले : टायर. नक्षी भरपूर शिल्लक म्हणून कोणी पाहिलेच नव्हते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या खुणांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने पुसून वाचले : ३२१३. म्हणजे २०१३ सालचा बत्तिसावा आठवडा. कडेला केसासारख्या भेगा. आंबोलीच्या पावसात तेवढ्या भेगा पुरतात. अकरांतली तीन कलमे सोडून बाकी वाचलेल्या पैशांत चार टायर आले नाहीत, थोडी भर घालावी लागली.

गाडी विकायची नाही असे सरांनी तूर्त ठरवले आहे. पण विकायची वेळ येईलच, आणि जुनी मोटार मोडीत क्वचित जाते. ती जाते आपल्यापेक्षा थोड्या कमी ऐपतीच्या माणसाकडे, शहरातून तालुक्याला, तालुक्यातून खेड्याला. न सांगता बिघडणारे भागही तिच्याबरोबर जातात. घेणारा विचारतो, "चालतिया न्हवं?" आणि विकणारा म्हणतो, "एकदम." दोघेही एकाच शब्दावर समाधानी.

सरांनी एक चाळीस पानी वही केली आहे. ती गाडीतल्या पुढच्या कप्प्यात पुस्तिकेशेजारी असते. डाव्या पानावर काय केले, उजव्या पानावर काय केले नाही. ब्रेक ऑईलपुढे तारीख आहे, बेल्टपुढे किलोमीटर. पुढचा मालक कानडी वाचणारा असू शकतो म्हणून शेजारच्या मुलीकडून तेच कानडीतही लिहून घेतले आहे. उजव्या पानावर क्लचपुढे सरांच्या वळणदार अक्षरात आहे : बदललेला नाही, चढावर पाहावे.