पाणी फिरायच्या वेळी

कोजागिरीनंतरची प्रतिपदा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे भरती दुपारी पाऊणला आणि ओहोटीचा तळ सकाळी साडेसहाच्या सुमाराला. त्यासाठी अंधारातच आम्ही दाभोळची जेटी सोडली. धोपाव्याची पहिली फेरीबोट अजून सुटायची होती. खाडीच्या मध्यावर होडीवाल्या काकांनी नांगर टाकला आणि ओहोटीच्या ओढीत होडीची नाळ आपोआप चिपळूणकडे वळली.

आज तेरा तास इथेच राहायचं आहे. एक भरती आणि एक ओहोटी मिळून साडेबारा तास होतात, तेवढं पाणी डोळ्यांखालून गेलं पाहिजे. दर तासाला तीन बाटल्या भरायच्या: एक पृष्ठभागाजवळची, एक मधली, एक तळाच्या थोडी वरची. घरी गेल्यावर प्रत्येक बाटलीतलं पाणी आधी वजन करून ठेवलेल्या बारीक गाळणकागदातून गाळायचं, कागद वाळवायचा, पुन्हा तोलायचा. वजनातला फरक म्हणजे त्या घडीला पाण्यात तरंगणारी माती. काम एवढंच, पण ते कंटाळा न करता करावं लागतं. एका बाटलीवरून खाडी गढूळ की निवळ हे ठरवणारा माणूस हमखास चुकतो, कारण तासाभराने तीच खाडी वेगळं उत्तर देते.

या कामात मला सुरुवातीपासून एका प्रश्नाने धरून ठेवलं आहे. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो, याचा नियम जॉर्ज स्टोक्सने 1851 साली मांडला. कणाचा व्यास निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथाईवर येतो. बारीक वाळूचा कण मीटरभर खोली पाच-एक मिनिटांत उतरतो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. आणि खाडीचं पाणी थबकतं किती वेळ? भरती-ओहोटीच्या सांध्यावरची थोडकी मिनिटं. या हिशेबाने चिकणमातीचा एकही कण खाडीत बसता कामा नये, सगळी माती थेट समुद्रात जायला हवी. प्रत्यक्षात मात्र ओहोटीला काठावर पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रेंदा.

याचं अर्धं उत्तर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात होतं, हे मला फार उशिरा कळलं. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की ती हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची. आजीच्या वेळी निवळीची बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळत. थोड्या वेळाने पाणी वर स्वच्छ, खाली गाळ. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ठेवतात आणि सुटेसुटे तरंगत राहतात. तुरटी त्यांच्यातला हा दुरावा मोडते. खाडीत ते काम मीठ करतं. नदीचं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळू लागलं की थोड्याशा खारटपणानेही कण एकमेकांजवळ येतात, आदळतात, चिकटतात. त्यांचे पुंजके होतात. सुट्या कणाला जे तीन दिवसांत जमलं नसतं, ते पुंजक्याला अर्ध्या-पाऊण तासात जमतं.

मी हे घरी करून पाहिलं आहे. पावसाळ्यात खूप वरच्या अंगाला, भरती पोचत नाही तिथलं, या खाडीला येऊन मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीचं पाणी आणलं, दोन काचेच्या बरण्यांत ओतलं, एकीत चमचाभर मीठ ढवळलं. संध्याकाळी मिठाची बरणी वरून स्वच्छ होती, खाली मऊ लालसर थर. दुसरी तिसऱ्या दिवशीही चहासारखीच. त्या बरण्या धुवायला माझा हात धजेना.

वर म्हटलं ते अर्धंच उत्तर, कारण पुंजके नाजूक असतात. ओढ वाढली की फुटतात, तळावर बसलेले पुन्हा उठतात. शिवाय खारं पाणी जड असल्यामुळे तळाशी ते आत सरकतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून बाहेर जातं. वरून निसटलेला पुंजका खाली आला की खालचा प्रवाह त्याला परत आत नेतो. म्हणून गोडं आणि खारं भेटतं त्या पट्ट्यात पाणी सर्वांत गढूळ असतं. पावसाळ्यात नदीचा जोर या पट्ट्याला मुखाकडे ढकलतो, उन्हाळ्यात तो आत सरकतो. 1950च्या दशकात हॉलंडच्या वाडन समुद्रात फान स्त्राटेन, क्यूनेन आणि पोस्तमा यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. भरतीचा जोर ओसरू लागला की कण बसायला लागतो, पण बसता बसताही पाणी त्याला थोडं पुढे नेतं. शिवाय बसलेला कण उठवायला जास्त वेग लागतो, म्हणून ओहोटी त्याला उशिरा उचलते. तो पूर्ण मागे येत नाही. दर भरतीला पाऊलभर आत. तिवरांची श्वासमुळं जिथे पाणी अडवतात तिथे तो मुक्कामच करतो.

मातीला आपण गाळ म्हणतो, तेव्हा ती कुठून आली हे विसरतो. हा सह्याद्रीचा उतार आहे, आणि त्यात थोडं घाटमाथ्यापलीकडचंही असेल, कारण बंगालच्या उपसागराकडे निघालेलं कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडून वाशिष्ठीत उतरतं. 22 जुलै 2021च्या पुराने चिपळूण बुडालं, त्यानंतर नदीतला गाळ काढायचं मोठं काम झालं. ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी चढलं त्यांना ते काम हवंच होतं, आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. पण काठावरच रचून ठेवलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा नदीत असतो. वर डोंगर उघडा पडतो आहे तोवर ही माती दरवर्षी येणार. किती येते, कुठे थांबते, किती समुद्राला मिळते, हे बाटली-बाटलीने मोजल्याशिवाय नदी कुठे उपसावी आणि कुठे हात लावू नये, हे कुणालाच सांगता येणार नाही. मला हे मनापासून वाटतं, म्हणून मी इथे आहे.

साडेसहाला दोर सैल झाला. होडी कुठल्याच बाजूला ओढेना. पाण्यावरचा काडीकचरा जागच्या जागी राहिला. पूर्वेला सह्याद्रीची कड उजळली. तळाजवळची बाटली वर घेतली, उजेडात धरली. आत करड्या-तांबूस पुंजक्यांची झड लागली होती, इतकी सावकाश की एकेकाचा माग काढता येत होता. मी बघतच राहिले. काकांनी विडी विझवली, दोराला हात लावला.

"फिरलं, ताई."

होडीची नाळ हळूहळू समुद्राकडे वळू लागली. मी वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या बाटलीचं बूच काढलं.